जिनिव्हात किती खड्डे खणलेस?

शनिवारी दुपारी निसेफोरो बसमधून मेक्सिकोतल्या आपल्या यालानिस गावात उतरला तेव्हा त्याच्या गळ्यात जिनिव्हाच्या परिषदेचा बिल्ला लटकत होता. काढायचा राहून गेला असं तो सांगेल, पण त्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. विमानतळावरच तो बिल्ला त्याने काढून पिशवीत ठेवला होता आणि गावचं वळण दिसल्यावर परत बाहेर काढून घातला होता.

चौकात मक्याची पोती उतरवत असलेल्या फिलादेल्फोने तो आधी पाहिला. फिलादेल्फो निसेफोरोच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे त्याचा कोंपाद्रे, आणि कोंपाद्रेला टोमणे मारायला परवानगी लागत नाही.

"हे काय रे कोंपाद्रे? गुरांच्या कानात अडकवतात ते?"

"परिषदेचं आहे. नाव आहे बघ माझं."

"बरं झालं. हरवलास तर परत आणून देतील."

निसेफोरो हसला नाही. उद्या ग्रामसभा होती. वरच्या झऱ्याच्या माथ्यावरच्या डोंगरात चांदी आहे म्हणतात, तिथे भोकं पाडून बघायला कॅनडाच्या कंपनीला परवानगी द्यायची की नाही, हे उद्या हात वर करून ठरायचं होतं. गाव मधोमध फुटलं होतं. काठावर बसलेली चाळीसएक घरं तेवढी उरली होती, आणि यंदाचा पाणी समितीचा प्रमुख या नात्याने आपण उभं राहून चार शब्द बोललो की ती घरं आपल्या बाजूला येतील, अशी निसेफोरोची खात्री होती. झरा आटला तर उतारावरची टोमॅटोची शेतं, त्याचं स्वतःचं धरून, संपली. म्हणून उद्याचं भाषण त्याने विमानात बसून घोळवलं होतं. शेजारच्या प्रवाशाला वाटलं हा माणूस विमानाला भिऊन देवाचं नाव घेतोय.

पाणी समितीचं प्रमुखपद त्याच्याकडे आलं त्यात कौतुकाचं काही नव्हतं. यालानिसात पद मागायचं नसतं, ते पडशासारखं अंगावर येतं. तरुणपणी तो वर्षभर गावचा शिपाई होता, मग देवळात घंटा वाजवायला होता, मग शाळा समितीवर. प्रत्येक वेळी वर्षभर बिनपगारी राबायचं आणि जानेवारीत किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देऊन झोप काढायची. यंदा पाण्याची पाळी आली. निसेफोरोला नळकाम उत्तम येतं, कुठल्या चरात कुठला पाइप किती खोल आहे हे तो डोळे मिटून सांगतो, तेव्हा गावाला वाटलं, चला, एकदाचं योग्य माणसाला योग्य काम मिळालं.

आणि नेमकी तेव्हाच संस्था आली.

संस्थेचं पूर्ण नाव त्यांच्या गाडीच्या दारावर तीन ओळींत मावत होतं. गाव नुसतं 'संस्था' म्हणायचं. तिच्या वकीलबाई खिमेना, वय तिशीच्या आत, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. पण द्यायचं ते श्रेय द्यायला हवं. कंपनीला राजधानीतून मिळालेल्या परवान्यावर कोर्टाची स्थगिती त्यांनीच आणली. ती नसती तर केव्हाच डोंगरावर यंत्रं चढली असती आणि ग्रामसभेला विचारायला कुणी आलं नसतं. एवढं करून खिमेनाबाई थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण संस्थेला देणगीदार होते, आणि देणगीदारांना स्थगितीचा कागद भिंतीवर लावता येत नाही. त्यांना चेहरा लागतो. निसेफोरोचा चेहरा उन्हाने रापलेला, गालफडं वर आलेली, मिशी पांढरी. खिमेनाबाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांच्यासोबतचा फोटोवाला हळूच म्हणाला, "हाच."

आधी शिबिर झालं. रंगीत कागदांवर प्रत्येकाने पाण्याशी असलेलं आपलं नातं काढायचं होतं. निसेफोरोने टाकीपासून शाळेपर्यंतची सगळी पाइपलाइन काढली, इंचांसकट. शिबिर घेणारी मुलगी प्रेमाने म्हणाली, "काका, आपल्याला इथं भावना हव्यात." निसेफोरोने विचार करून दोन इंची पाइपला निळा रंग दिला.

मग फोटो. त्याचा सदरा एका सिमेंट कंपनीने फुकट वाटलेला होता, तो चालेना. भरतकाम केलेला एक सदरा आणला, तो दोन डोंगर पलीकडच्या गावचा होता. तो घालून, ओंजळीत पाणी धरून, न हसता, त्याला तासभर उभं केलं. झऱ्याला गावात 'वरचा झरा' म्हणतात, कारण एक खालचाही आहे. भित्तीपत्रकावर तो 'पवित्र जलमाता' झाला.

"बाई, पवित्र ते देवळात. हे नुसतं पाणी आहे," निसेफोरो म्हणाला.

"काका, नुसत्या पाण्यासाठी युरोपात कुणी सही करत नाही."

हे त्याला पटलं. किंवा असं म्हणू, ते पटवून घेणं त्याला जड गेलं नाही. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याचं म्हणणं असं कुणी लिहून घेतलं नव्हतं. घरात तर नाहीच. मार्चमध्ये तो मेक्सिको शहरात बोलला, एप्रिलमध्ये टोरांटोत कंपनीच्या दारासमोर बोलला, मेमध्ये तीन देशांत, आणि जूनमध्ये जिनिव्हाला. तिथल्या दालनाबाहेर त्याच कंपनीचाही मंडप होता आणि त्यांची कॉफी संस्थेच्या कॉफीपेक्षा चांगली होती. निसेफोरोने ती दोनदा घेतली, खिमेनाबाई आत असताना.

आता कंपनीचं ऐका. कंपनीही काही दुधखुळी नव्हती. गावात कोर्ट आणि संस्था घुसल्यावर तिने स्वतःचीच एक संस्था काढली, संवाद आणि सलोखा केंद्र, आणि त्यावर इंजिनियरबाई रेनाताला नेमलं. ही रेनाता आधी चार वर्षं खिमेनाबाईंच्याच कचेरीत, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसत होती. संस्था कशी बोलते हे तिला पाठ होतं, आणि संस्था काय करत नाही हेही. पहिल्याच महिन्यात तिने गावात विचारलं, "तुमचा तेकिओ कधी असतो?"

तेकिओ म्हणजे गावकीचं काम. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक घरातून एकाने फावडं घेऊन यायचं. दरड पडली असेल तर ती उपसायची, नाहीतर चर खणायचा, नाहीतर शाळेचे पत्रे ठोकायचे. एप्रिलपासून झऱ्याच्या टाकीला नवा चर खणायचं काम चाललं होतं. रेनाता बूट चढवून आली आणि संध्याकाळपर्यंत दगड वाहत राहिली. मेमध्ये पुन्हा आली, जूनमध्येही आली. संस्थेने निसेफोरोला उचललं तेव्हा कंपनीने फावडं उचललं, असं फिलादेल्फो म्हणायचा.

संध्याकाळी घरी निसेफोरोने जिनिव्हाची चॉकलेटं टेबलावर ठेवली. बायको, गाउदेन्सिया, चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या, तोर्तिया, भाजत होती. उजवा गुडघा सरळ ठेवून ती एका बाजूला कलून उभी होती. तिच्या तळहाताला चिंध्या बांधल्या होत्या, त्या त्याने पाहिल्या, पण गोष्ट रंगात आली होती.

"तिथं एवढा मोठा हॉल. कानाला यंत्र. मी म्हणालो, आमच्या गावात बायका या पाण्याच्या राखणदार आहेत."

"कोण बायका?"

"तुम्ही. सगळ्या."

"आम्हाला कुणी कळवलं नाही."

"अगं, म्हणायची पद्धत असते तशी."

"बरं." तिने तोर्तिया उलटली. "ती रेनाता खणते चांगलं. कमरेतून वाकते, शहरातल्यांसारखी पाठीतून नाही. दवाखाना देणार म्हणत होती कंपनी. डॉक्टर कायमचा."

निसेफोरोला हे ऐकून थोडं टोचलं. उद्या सभेत काय होईल, तुला काय वाटतं, असं विचारायला हीच वेळ होती. पण त्याला भाषण पुन्हा एकदा म्हणून बघायचं होतं, म्हणून तो अंगणात गेला आणि कोंबड्यांना ते ऐकवलं.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. बाहेरच्या माणसाला आत बसता येत नाही, मग ती कंपनी असो की क्रांती, म्हणून खिमेना आणि रेनाता दोघी बाहेर, बास्केटबॉलच्या मैदानाच्या पत्र्याखाली एकाच बाकावर बसल्या होत्या आणि पानात उकडलेला मक्याच्या पिठाचा एकच तमाल वाटून खात होत्या. आत निसेफोरो पहिल्या रांगेत बसला. गाउदेन्सिया मागे बायकांत होती. डबा घेऊन आली असेल, असं त्याला वाटलं.

चिटणीस मासेदोनियोने हजेरीची वही उघडली. हा माणूस हसलेला कुणी पाहिला नाही. त्याने घराघराचं नाव वाचायला सुरुवात केली आणि निसेफोरोच्या नावाशी येऊन थांबला.

"निसेफोरो. एप्रिल, नाही. मे, नाही. जून, नाही. तीन तेकिओ चुकले. बोलायचा आणि हात वर करायचा हक्क बंद."

निसेफोरोला वाटलं चूक झाली असेल. तो उभा राहिला. "मासेदोनियो, मी गावाच्याच कामाला गेलो होतो!"

"कुठं?" अध्यक्ष फोर्तुनातोने विचारलं. म्हातारा, काठी मांडीवर आडवी.

"जिनिव्हाला."

"ते कुणाच्या हद्दीत येतं?"

"परदेशात आहे, काका. युरोपात."

"आणि तिथं किती खड्डे खणलेस?"

"तिथं खड्डे खणत नाहीत. तिथं बोलतात."

"किती वेळ बोललास?"

निसेफोरोने आवाज खाली आणला. "तीन मिनिटं."

सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "तीन दिवस प्रवास करून?"

"सगळ्यांना तीनच मिनिटं असतात. मोठमोठ्या देशांनासुद्धा."

"मग आपली सभा बरी," फिलादेल्फो म्हणाला. "इथं मागच्या वर्षी तू एकट्या गटारावर पाऊण तास बोललास."

लोक हसले. पण प्रश्न गंभीर होता आणि सभेने तो गंभीरपणे घेतला. एकाने सुचवलं, मिनिटाला एक फावडं धरा. दुसरा म्हणाला, मग शाळेतल्या मास्तरांनाही सूट द्या, ते तर वर्षभर बोलतात. एक बाई उठून म्हणाली, "माझा मुलगा लॉस एंजेलिसला हॉटेलात भांडी घासतो. तोही गावाचं नाव काढतो. त्याला का हक्क नाही?"

"हां, त्याचा नियम आहे," मासेदोनियो म्हणाला. त्याने कपाटातून जुनी वही काढली आणि थुंकी लावून पानं उलटली. "अकरा वर्षांपूर्वीचा ठराव. वाचतो. 'लॉस एंजेलिसमध्ये राहणारे पुरुष फोनवरून मत सांगतात, हे बंद करावं. जो खणेल तो बोलेल. ज्याच्या हाताला गावची माती नाही, त्याचा हात सभेत वर जाणार नाही. घरातलं दुसरं कुणी खणायला आलं तर त्या वर्षी घराचा हात त्याचा. घर एक, हात एक.' ठराव एकमताने मंजूर."

"बरोबर," फोर्तुनातो म्हणाला. "मांडला कुणी होता?"

मासेदोनियोने चष्मा वर केला. "निसेफोरोने."

तेव्हा त्याने तो मांडला होता मेहुण्याचं तोंड बंद करायला. मेहुणा लॉस एंजेलिसहून शेळ्या हाकायचा आणि निसेफोरोला ते सहन व्हायचं नाही. ठराव मंजूर झाला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या, आणि टाळ्या कुणाला नको असतात! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. निसेफोरो खाली बसला. त्याची हॅट मांडीवर होती आणि ती कशी धरावी हे त्याला समजेना.

"घर मात्र हजर आहे," मासेदोनियो पुढे वाचू लागला. "गाउदेन्सिया. एप्रिल, मे, जून. तिन्ही. हात तिचा."

निसेफोरोने मागे वळून पाहिलं. गाउदेन्सियाच्या हातात डबा नव्हता. ती मासेदोनियोकडे बघत होती.

मग बोलणी झाली. कंपनीच्या बाजूचे दवाखान्यावर आणि रस्त्यावर बोलले, आणि ते खोटं बोलत होते असं नाही, कारण गेल्या वर्षी दोन बाळंतिणी खालच्या गावी पोचण्याआधी वाटेतच अडल्या होत्या. विरोधातले बोलले तेव्हा त्यांच्या तोंडून भित्तीपत्रकच ऐकू आलं. 'पवित्र जलमाता' म्हणताना एकाची जीभ अडखळली आणि तो 'वरचा झरा' म्हणाला. पहिल्यांदा हात वर झाले: बाजूने त्र्याऐंशी, विरोधात एकोणऐंशी. चाळीस हात मांडीवरच राहिले.

"चाळीस घरांचं काही ठरत नाही," फोर्तुनातो म्हणाला. "अजून कुणाला बोलायचंय?"

निसेफोरोचं अंग आपोआप अर्धं उठलं. फोर्तुनातोने काठी नुसती हलवली. तो खाली बसला आणि मागून दुसऱ्याच कुणाच्या तरी उठण्याचा आवाज आला. एक गुडघा कटकन वाजला. हा आवाज तो तीस वर्षं ओळखत होता.

या बाईला दवाखाना हवा होता. डॉक्टर हवा होता तो या गुडघ्यासाठीच. तीन रविवार तिने त्या इंजिनियरबाईच्या खांद्याला खांदा लावून खणलं होतं आणि तिचं कौतुक काल चुलीपाशी केलं होतं. आपल्या बायकांना काय वाटतं हे त्याने सहा देशांत सांगितलं होतं. आता ती उभी होती आणि तिला काय वाटतं याचा त्याला पत्ता नव्हता. भीतीबरोबर त्याला लाजही वाटली.

"मला दवाखाना पाहिजे," गाउदेन्सिया म्हणाली.

कंपनीच्या बाजूच्यांनी माना डोलावल्या.

"मेच्या तेकिओला आम्ही टाकीपाशी दमून बसलो होतो. रेनाता माझ्या शेजारी होती. चांगली पोर आहे, माझ्याहून जास्त दगड उचलले तिने त्या दिवशी. मी तिला विचारलं, बाई, दवाखाना कुठं बांधणार? ती म्हणाली, देवळाच्या वरच्या अंगाला. मी म्हटलं, छान. पाणी कुठून घेणार? ती म्हणाली, टँकर येईल, काकू."

तिने उजव्या गुडघ्यावरचा भार डाव्या पायावर घेतला.

"मी म्हटलं, पोरी, देवळाच्या वरच्या अंगाला आपला नळ आहे की. माझ्या नवऱ्याने घातलाय. टँकर कशाला? तेव्हा ती गप्प बसली आणि दुसरा दगड उचलायला गेली. खणताना माणूस खोटं बोलत नाही, तेवढा दम नसतो. दवाखान्याला टँकर, तर मग माझ्या चुलीला काय? तिला माहीत आहे पाणी जाणार. मला दवाखाना पाहिजे, पण डॉक्टरला हात धुवायला पाणी पाहिजे. एवढंच."

ती बसली. गटारापेक्षा कितीतरी कमी वेळ लागला होता.

सभागृहात एकदम कल्लोळ झाला. "बाईंना विचारा! बाहेरच बसल्यात!" फोर्तुनातो काठी टेकत दारापाशी गेला आणि दार उघडून ओरडला, "इंजिनियरबाई! टँकरचं खरं का?"

रेनाताच्या तोंडात तमाल होता. तिने दारातून आत पाहिलं, गाउदेन्सियाकडे. नाही म्हणता आलं असतं, तिला त्याचाच पगार होता.

"पहिली दोन वर्षं," ती म्हणाली. "नंतर... बघू."

"हे आमच्या अहवालात आहे!" खिमेनाबाई ताडकन उठल्या. "पाण्याची पातळी, सगळं! पान एकसष्ट!"

"कुठल्या भाषेत?" फोर्तुनातोने विचारलं.

खिमेनाबाईंचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं. "इंग्रजीत. देणगीदारांसाठी होता तो."

फोर्तुनातोने दार लावून घेतलं. पुन्हा हात मोजले. विरोधात एकशे एकतीस, बाजूने बासष्ट. नऊ घरं अजूनही मांडीवर हात ठेवून होती, पण ती प्रत्येक सभेत तशीच असतात. मासेदोनियोने वहीत लिहिलं, रेघ मारली आणि वही मिटली. निसेफोरोचे डोळे भरून आले. झरा राहिला होता आणि त्यात त्याचा हात नव्हता, या दोन्ही गोष्टी एकदम कशा सोसायच्या हे त्याला उमगेना. त्याने हॅट डोक्यावर घातली.

बाहेर रेनाता फोनवर बोलत होती. तिची कंपनी पलीकडच्या डोंगराचा विचार करेल, त्या गावात तेकिओ शनिवारी असतो, एवढं ऐकू आलं. खिमेनाबाई अंगठ्यांनी बातमी लिहीत होत्या: निसेफोरोच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक विजय. फिलादेल्फोने त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि आत काय घडलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी एक ओळ खोडली, गाउदेन्सियाकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे चमकले. ती चमक निसेफोरोने ओळखली. सहा महिन्यांपूर्वी ती त्याच्यावर पडली होती.

"काकू, एक मिनिट! इथं उभ्या राहा. हाताच्या चिंध्या राहू देत, छान दिसतायत." फोटोवाला पुढे झाला आणि निसेफोरोला म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का?"

निसेफोरो बाजूला झाला.

"ऑक्टोबरमध्ये जिनिव्हाला मोठी परिषद आहे," खिमेनाबाई म्हणाल्या. "पाण्याची राखणदार स्त्री! जगाने तुम्हाला ऐकायला हवं, काकू. फक्त दहा दिवस."

"दहा दिवसांत रविवार किती?"

"दोन."

"त्यातला एक शेवटचा?"

खिमेनाबाईंनी फोनमध्ये पाहिलं. "हो. पण एक तेकिओ चुकला तर..."

"आणि मग आणखी एक परिषद."

खिमेनाबाई नाही म्हणाल्या नाहीत.

तेव्हा निसेफोरो बोलला. यंदा त्याने केलेलं हे सगळ्यात चांगलं भाषण होतं आणि ते मनापासून होतं. "तू जा, गाउदे. विमान बघ. बर्फाचे डोंगर बघ. तुझ्या जागी मी खणतो. दोन रविवार काय, सहा खणतो."

गाउदेन्सियाने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला त्याचं बोलणं आवडलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने विचारलं, "तू खणलंस तर हात कुणाचा?"

नियम निसेफोरोचाच होता.

"मग जात नाही," ती खिमेनाबाईंना म्हणाली. "अहवाल तेवढा आमच्या भाषेत आणून द्या."

"मग मी काय करू?" निसेफोरोने विचारलं.

"जेवण आण."

जुलैच्या शेवटच्या रविवारी निसेफोरो टोपली घेऊन झऱ्यावर गेला. तोर्तिया त्याने स्वतः भाजल्या होत्या, काळा घेवडा थोडा लागला होता. डबे घेऊन आलेल्या बायकांनी सरकून त्याला जागा दिली. समोर चरात गाउदेन्सिया, फिलादेल्फो आणि मासेदोनियो पाइप कुठे वळवायचा यावर वाद घालत होते. तिघांचंही चुकत होतं. तिथे खाली कातळ आहे, पाइप डावीकडूनच न्यावा लागतो, हे निसेफोरोला डोळे मिटूनही दिसत होतं. तो उठला, हात वर केला, आणि "अरे, डावी..." एवढं म्हणाला.

शेजारच्या म्हातारीने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि हातात तोर्तिया दिली.

"खा बाबा," ती म्हणाली. "खणणारे बोलतायत."

निसेफोरो खाऊ लागला. चरात त्यांनी पाइप उजवीकडे वळवायचं ठरवलं होतं.